अस्सल बरहुकूम नक्कल : क्युबन सँडविचची कुळकथा

मोडी कागद वाचायला शिकताना जे शब्द अगदी सुरुवातीला भेटतात, त्यांत 'अस्सल' हा एक आहे. आज आपण तो तुपाला लावतो, पैठणीला लावतो, क्वचित माणसालाही लावतो. पण दफ्तरात तो शब्द गुणवाचक कमी आणि दर्जावाचक अधिक होता. अस्सल म्हणजे मूळ कागद, आणि त्यावरून उतरवून घेतलेली ती नक्कल. नकलेवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असला की तिला मान मिळे. नक्कल या शब्दाला आज चिकटलेला हिणकसपणा त्या काळी नव्हता. मात्र त्या शेऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असे : मूळ कागद कुठेतरी आहे, आणि शंका आली तर तो काढून ताडून पाहता येईल. तो गहाळ झाला आणि नकलाच तेवढ्या उरल्या, तर त्यांतल्या कोणत्या नकलेवर विश्वास ठेवायचा? जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि ती पुढे शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, असे महानुभाव परंपराच सांगते. वर्गात हे आम्ही दरवर्षी शिकवतो. तोच पेच एका सँडविचच्या निमित्ताने पुन्हा समोर येईल, असे मात्र वाटले नव्हते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर टँपा नावाचे शहर आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाची बहीण त्या शहरात राहते आणि तिच्याकडे उन्हाळी सुटीचे तीन आठवडे काढण्याचा योग आला. घराजवळच्या वस्तीत, पश्चिम टँपात, एक लहानसे उपाहारगृह होते. काचेवर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये 'अस्सल क्युबन सँडविच आणि कॉफी' असे रंगवलेले. आत आठदहा उंच स्टुले, घोड्याच्या नालेच्या आकाराचा काउंटर, वाफेने सुस्कारे टाकणारे कॉफीचे यंत्र आणि दोन जड लोखंडी पाट एकमेकांवर मिटणारा शेकण्याचा साचा. सकाळी सातला तिथे बसायला जागा मिळत नसे.

सँडविच कसे होते, ते आधी सांगायला हवे. हातभर लांब, वरून पापुद्र्यासारखा कुरकुरीत आणि आतून कापसासारखा हलका पाव मधोमध उभा चिरायचा. त्यात क्रमाने हॅम, लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून भाजलेले डुकराचे मांस, सलामीचे पातळ काप, स्विस चीज आणि खारवलेल्या काकडीच्या चकत्या. वरच्या अर्ध्या पावाला पिवळी मोहरी लावायची. मग सगळे साच्यात दाबून, पाव चपटा आणि चीज पातळ होईपर्यंत शेकायचे आणि तिरका छेद द्यायचा. सोबत 'काफे कोन लेचे', म्हणजे कडक काळी कॉफी आणि गरम दूध. आमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे. त्याने लोणी लावून शेकलेला पावाचा लांब तुकडा घेतला आणि तिथल्या रीतीप्रमाणे तो कॉफीत बुडवून खाल्ला. अर्धा तुकडा संपल्यावर कळले की परंपरेने या पावाच्या कणकेतच डुकराची चरबी घालतात. उरलेल्या अर्ध्याचे काय झाले, ते इथे नोंदवण्याचे कारण नाही.

हे अस्सल क्युबन का, असे आम्ही काउंटरपलीकडच्या बाईंना विचारले. प्रश्न बावळटच होता. बाई क्युबाच्या; पंधराएक वर्षांपूर्वी तिथून आलेल्या. त्या म्हणाल्या, असले सँडविच त्यांनी क्युबात कधी खाल्ले नव्हते. हॅम, चीज आणि भाजलेले मांस एकाच वेळी एकाच घरात त्यांनी लहानपणी पाहिलेच नव्हते. सँडविच करायला त्या इथे, याच काउंटरवर, आधीच्या मालकाकडून शिकल्या. शेजारच्या स्टुलावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी मान डोलावून सांगितले, की हेच अस्सल, आजोबा खात ते हेच. आजोबा सिगार वळणारे. हे गृहस्थ मात्र टँपातच जन्मलेले आणि क्युबाच्या भूमीवर त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलेले नव्हते. म्हणजे जिने क्युबा पाहिला तिला हे सँडविच माहीत नव्हते, आणि ज्याला सँडविच माहीत होते त्याने क्युबा पाहिला नव्हता. पुढचे दोन आठवडे आम्ही ग्रंथालयात आणि जुन्या गल्ल्यांत घालवले, ते या एका विसंगतीमुळे.

गोष्ट सुरू होते ती तंबाखूपासून. विसेंते मार्तीनेस इबोर हा मूळचा स्पेनमधल्या वालेन्सियाचा. कोवळ्या वयात तो क्युबाला गेला आणि हवानात सिगारचा मोठा कारखानदार झाला. क्युबा तेव्हा स्पेनची वसाहत होता. १८६८ साली तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, ते दहा वर्षे चालले. बंडखोरांशी सहानुभूती असलेल्या इबोरने १८६९ मध्ये समुद्र ओलांडून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट बेटावर, आपला धंदा हलवला. तिथे संपांनी बेजार झाल्यावर १८८५ मध्ये त्याने टँपाजवळ दलदलीची जमीन घेतली आणि कारखाना, घरे, रस्ते असे आख्खे गावच वसवले. तेच इबोर सिटी. रेल्वे १८८४ मध्येच टँपाला पोचली होती आणि हवानाहून तंबाखूची पाने घेऊन आगबोटी येत. 'मास्कॉट' नावाच्या अशाच एका आगबोटीचे चित्र टँपा शहराच्या मुद्रेवर आहे. १८८६ पासून तिथे सिगार वळले जाऊ लागले. १८९२ पासून शेजारी पश्चिम टँपा उभे राहिले. १९२९ साली या शहरात हाताने वळलेल्या सिगारांची संख्या ५० कोटींच्या घरात गेली होती.

त्या आगबोटी इथे फार महत्त्वाच्या आहेत. कामगार त्यांतून हवानाला जात, पुन्हा येत. संप झाला की परत जात, लग्नाला जात, बाळंतपणाला जात. आज ज्याला आपण स्थलांतर म्हणतो, त्यात एक गाव सुटते आणि दुसरे लागते. इथे गाव सुटतच नव्हते. हवाना, की वेस्ट आणि टँपा ही एकाच वस्तीची तीन आळ्यांसारखी रूपे होती. हवानाच्या कॅफेंतून हॅम, भाजलेले मांस आणि चीज यांचे 'मिक्स्तो', म्हणजे मिश्र, सँडविच मिळे. तेच कामगारांबरोबर या बोटींतून ये-जा करत राहिले. त्याचा कर्ता कुणी एक नाही. मूळ कुठले आणि उतरवून घेतलेले कुठले, ही विभागणी त्या काळी कुणाला सुचलीही नसती.

सलामी मात्र हवानाची नव्हे. इबोर सिटीत क्युबन होते, स्पेनच्या अस्तुरियास आणि गालिसिया प्रांतांतून आलेले लोक होते आणि सिसिलीतून आलेले इटालियनही होते. सिसिलीच्या शेतमजुरांनी तंबाखूच्या बाकांवर बसून स्पॅनिश शिकून घेतले. प्रत्येक समाजाने आपापले मंडळ काढले : १८९१ मध्ये सेंत्रो एस्पान्योल, १८९४ मध्ये लुनिओने इतालियाना, १९०२ मध्ये सेंत्रो अस्तुरियानो. वर्गणी भरली की दवाखाना, नाटकघर, नाचाचे दालन आणि शेवटी स्मशानातली जागा, असे सगळे मिळे. या सरमिसळीत कधीतरी सिसिलियनांची सलामी क्युबनांच्या पावात शिरली. कोणत्या दुकानात, कोणत्या वर्षी, हे शोधण्यात अर्थ नाही. भाषेत परका शब्द शिरतो तेव्हाही तारीख टाकलेली नसते.

सरमिसळ म्हणताना हळवे होण्याचे मात्र कारण नाही. कारखान्याच्या बाकावर काळे आणि गोरे क्युबन शेजारी शेजारी बसत. पण अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदाच्या कायद्यांनी मंडळे वेगळी पाडली. काळ्या क्युबनांना १९०४ मध्ये ला उनियोन मार्ती-मासेओ हे स्वतंत्र मंडळ उभारावे लागले. ज्या दोन क्रांतिकारकांची नावे त्या मंडळाने घेतली, त्यांपैकी होसे मार्ती गोरा आणि अंतोनियो मासेओ मिश्रवर्णीय होता. ते दोघे ज्या एकत्र क्युबासाठी मेले, तो टँपातल्या काउंटरवरही पुरता उतरला नाही.

पावाचीही कथा आहे. १९१५ साली हुआन मोरे नावाच्या कातालान माणसाने इबोर सिटीत ला सेगुंदा ही बेकरी चालवायला घेतली. स्पॅनिश सैनिक म्हणून तो क्युबात लढला होता आणि पावाची रीत त्याने तिथून आणली, असे सांगतात. म्हणजे क्युबाच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढलेल्या शिपायाने क्युबाचा पाव टँपाला दिला. बेकरीत आजही सुमारे तीन फूट लांबीच्या प्रत्येक पावावर, भट्टीत जाण्यापूर्वी, पाल्मेटो या बुटक्या ताडवर्गीय झाडाच्या ओल्या पानाची पट्टी ठेवतात. भट्टीत कणीक फुगते आणि पट्टीच्या रेषेत पाव नेमका उकलतो. सुरीने चीर द्यावी लागत नाही. पूर्वी हा पाव पहाटे घरोघर पोचवला जाई आणि दाराशेजारी ठोकलेल्या खिळ्यात अडकवून ठेवला जाई. जुन्या लाकडी घरांच्या चौकटींवर ते खिळे पुढे कितीतरी वर्षे राहिले.

हे सगळे खाद्येतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात बसेल. आम्हा दोघा साहित्याच्या मास्तरांना तिथे खिळवून ठेवले ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. सिगारच्या कारखान्यात एक वाचक असे. स्पॅनिशमध्ये त्याला 'लेक्तोर' म्हणत. शेकडो माणसे ओळीने बसून पाने वळत आहेत. दालनात यंत्राचा आवाज नाही, फक्त पानांची सळसळ आणि सुरीची टकटक. मध्ये उंच मचाण, त्याला 'त्रिबूना' म्हणत. तिथे उभा राहून हा माणूस दिवसाचे काही तास मोठ्याने वाचत असे. सकाळी वर्तमानपत्रे, कामगार चळवळीची पत्रके, दुपारी कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपापल्या मजुरीतून दर आठवड्याला वर्गणी काढून तो देत आणि कोणती कादंबरी वाचायची हे मतदानाने ठरवत. सेर्वांतेस, ह्यूगो, झोला, द्यूमा. ज्यांतल्या अनेकांना सही करता येत नव्हती, त्यांना दोन कीहोते पाठ होता.

ही प्रथा टँपाची नव्हे, तीही हवानाहूनच आलेली. १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात ती सुरू झाली आणि वर्षभरातच, १८६६ मध्ये, स्पॅनिश गव्हर्नरने तिच्यावर बंदी घातली. श्रोते बिघडतील ही भीती सत्तेला नेहमीच वाचकांहून आधी वाटते. बंदी आली, उठली, पुन्हा आली. प्रथा मात्र समुद्र ओलांडून गेली आणि टँपात तिने मूळ धरले. केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही एक जण वाचतो आणि बाकीचे विड्या वळत ऐकतात, अशी रीत होती. हात गुंतलेले आणि कान मोकळे असले की माणसे हेच करतात, असे दिसते. द्यूमाच्या 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीचे कामगारांना इतके वेड होते, की हवानातल्या एका सिगारलाच १९३५ मध्ये 'मॉन्तेक्रिस्तो' हे नाव मिळाले, असे सांगतात. साहित्यकृतीचा समाजावर परिणाम काय होतो, असा प्रश्न परीक्षेत विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

१८९१ च्या नोव्हेंबरात होसे मार्ती न्यूयॉर्कहून टँपाला आला, तो या श्रोत्यांसमोर. कवी, पत्रकार आणि क्युबन स्वातंत्र्याचा प्रणेता असलेल्या मार्तीने २६ आणि २७ नोव्हेंबरला इबोर सिटीतल्या लिसेओ कुबानोत दोन भाषणे केली. ती आजही स्पॅनिश वक्तृत्वाचे नमुने म्हणून शिकवली जातात. पुढच्या वर्षी त्याने क्युबन क्रांतिकारी पक्ष स्थापला, आणि पक्षाच्या तिजोरीत सिगार वळणाऱ्यांच्या मजुरीचा हिस्सा नियमाने पडू लागला. वर्षानुवर्षे मोठमोठ्या कादंबऱ्या ऐकून तयार झालेला इतका मुरलेला श्रोता त्याला दुसरीकडे कुठे मिळाला असता, असे आम्हांला वाटून गेले. विषप्रयोगाच्या प्रयत्नानंतर ज्या पाउलीना पेद्रोसो या काळ्या क्युबन स्त्रीने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, त्या घराच्या जागी आज छोटी बाग आहे. क्युबाच्या सर्व प्रांतांतली माती तिथे आणून टाकली आहे आणि बागेची जमीन क्युबाच्या राज्याच्या मालकीची आहे. दोन्ही देशांत वैर माजले असतानाही ती तशीच राहिली. १८९५ च्या १९ मे रोजी मार्ती क्युबात दोस रियोसच्या लढाईत पडला.

या कारखान्यांभोवती कॅफे वाढले. सिगार वळणाऱ्याला मजुरी नगावर मिळे. त्यामुळे त्याची वेळ बरीचशी त्याची असे. मध्येच उठून कॉफी पिऊन यावे, किंवा कारखान्यातच बाकांमधून फिरणाऱ्या कॉफीवाल्याकडून घ्यावी. सँडविच कागदात गुंडाळून नेता येई आणि बाकावर पाने न विटाळता खाता येई. १९०५ मध्ये कोपऱ्यावरचा असाच एक कॅफे म्हणून सुरू झालेले कोलंबिया आज त्या राज्यातले सर्वांत जुने उपाहारगृह म्हणून ओळखले जाते. कॅफेत दुपारच्या वाचनावर वाद होत. झोलाच्या नायकाने तसे करायला नको होते, यावर सँडविच खात भांडणारा कामगार आम्हांला फार जवळचा वाटला. आमच्या विद्यार्थ्यांत तो क्वचित भेटतो.

लेक्तोर संपला तो १९३१ च्या नोव्हेंबरात. जगभर मंदी होती, सिगारेटने सिगारची गिऱ्हाइके पळवली होती, कारखान्यांत यंत्रे येत होती. वाचक कामगारांना जहाल विचार शिकवतात असे सांगून टँपाच्या कारखानदारांनी एकजुटीने वाचन बंद केले आणि मचाणे उखडली. कामगारांनी संप केला, तो हरला. वाचकाच्या जागी रेडिओ आले. काही वाचक पत्रकार झाले. त्यांतल्याच विक्तोरियानो मान्तेइगाने १९२२ मध्येच 'ला गासेता' हे वर्तमानपत्र काढले होते, ते पुढे स्पॅनिश, इंग्रजी आणि इटालियन अशा तीन भाषांत निघू लागले. १९६० च्या दशकात शहर-सुधारणेच्या नावाखाली आणि महामार्गासाठी इबोर सिटीतली घरे मोठ्या प्रमाणात पाडली गेली. खिळ्यांच्या चौकटीही त्यात गेल्या. १९२९ च्या इबोर सिटीत 'ॲना कॅरेनिना' वाचणारा लेक्तोर येतो आणि ऐकणाऱ्यांची घरे हलतात, अशा कथानकाचे 'ॲना इन द ट्रॉपिक्स' हे नाटक नीलो क्रूसने लिहिले. त्याला २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाटककार क्युबात मातान्सासला जन्मलेला आणि लहानपणी मायामीला आलेला.

आता मायामी. १९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली आणि आगबोटींचा जुना येण्याजाण्याचा रस्ता लवकरच बंद झाला. यापुढे जे आले ते परत जाण्यासाठी आले नाहीत, जरी पहिली कित्येक वर्षे त्यांना तसे वाटत होते. १९६५ ते १९७३ या काळात विमानांनी लाखो माणसे आली. १९८० मध्ये मारिएल बंदरातून होड्यांनी सुमारे सव्वा लाख. मायामीच्या आठव्या रस्त्यावर त्यांनी हवाना पुन्हा मांडले. तिथल्या सँडविचात सलामी नाही, कारण तिथे शेजारी सिसिलियन नव्हते. तिथला कॅफे रस्त्याकडे उघडणाऱ्या एका खिडकीतून चालतो. त्या खिडकीशी उभे राहून माणसे फेसाळ गोड कॉफी पितात आणि हवानातले सरकार कधी पडणार यावर बोलतात. टँपाच्या कॅफेत स्वातंत्र्य पुढे होते, मायामीच्या कॅफेत ते मागे राहिले होते. सँडविच जवळपास तेच.

आणि क्युबात? १९६८ च्या मार्चमध्ये सरकारने 'क्रांतिकारी आक्रमण' या नावाने मोहीम काढून पन्नास हजारांहून अधिक लहान खाजगी धंदे ताब्यात घेतले : खानावळी, कॅफे, पदपथावरचे गाडे. ज्या काउंटरांवर 'मिक्स्तो' मिळत होते, ते काउंटरच मालकासह गेले. मांस आणि चीज शिधापत्रिकेवरच्या किंवा त्याहूनही दुर्मिळ वस्तू झाल्या, आणि १९९० नंतर, सोव्हिएत मदत आटल्यावर, उपासमारीची वर्षे आली. उपाहारगृहातल्या बाईंचे बालपण त्या वर्षांतले. त्यांनी सँडविच पाहिले नव्हते याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला. मूळ कागद गहाळ झाला होता, आणि तो ज्या घरातून गहाळ झाला त्याच घरातली ही मुलगी परगावच्या नकलेवरून तो पुन्हा उतरवून घेत होती.

कॉफीचीही कथा वेगळी नाही. १७९१ मध्ये हैतीत गुलामांनी उठाव केला, तेव्हा तिथले फ्रेंच मळेवाले आपल्या उरल्यासुरल्या गुलामांसह क्युबाच्या पूर्व टोकाला पळाले आणि डोंगरउतारांवर त्यांनी कॉफीचे मळे लावले. त्या मळ्यांचे अवशेष २००० साली युनेस्कोच्या वारसायादीत आले. म्हणजे 'क्युबन' कॉफीही निर्वासितांबरोबर फोफावली. तिच्यामागे एक जिंकलेले आणि एक पुन्हा लादलेले दास्य आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. तेव्हापासून फ्लोरिडातल्या कॅफेंत जी कडक काळपट भाजलेली कॉफी क्युबन म्हणून प्यायली जाते, तिच्या बिया दुसऱ्याच देशांतल्या असतात. क्युबन आहे ती भाजण्याची आणि करण्याची रीत : पहिले चार थेंब साखरेवर पाडून चमच्याने घोटायचे, त्याचा पिवळसर फेस करायचा, मग उरलेली कॉफी त्यावर ओतायची. खुद्द क्युबात शिध्याच्या कॉफीत वाटाण्याची पूड मिसळण्याची पाळी आली. बाई म्हणाल्या, इथे आल्यावर पहिल्यांदा निव्वळ कॉफी प्याले तेव्हा ती भेसळीची वाटली.

२०१२ साली टँपाच्या नगरसभेने ठराव करून 'ऐतिहासिक टँपा क्युबन सँडविच' हे शहराचे मानाचे सँडविच म्हणून जाहीर केले. त्यात काय असावे हेही सांगितले, अर्थात सलामीसह. मायामीने खिल्ली उडवली. वर्तमानपत्रांना काही दिवस चांगला मजकूर मिळाला. २०२२ मध्ये टँपातल्याच तीन लेखकांनी या सँडविचवर आख्खे पुस्तक लिहिले. आम्ही ठरावाची हकीकत वाचली तेव्हा मनात आले ते एवढेच, की याच शहराने आपल्या पावातल्या सलामीचा हक्क नगरसभेत नेऊन मांडला, पण उखडलेल्या मचाणांचा ठराव कुणी मांडला नाही. अर्थात मचाण खाता येत नाही.

निघायच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा त्या काउंटरवर गेलो. गृहस्थ होते. आजोबांनी कारखान्यात काय काय ऐकले, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, आजोबांना लिहिता येत नव्हते. पण रात्री जेवताना 'मॉन्टे क्रिस्टो' ते असे सांगत, की आजी भाकरी करपवायची. भाकरी हा आमचा शब्द. त्यांनी तव्यावर काही तरी म्हटले होते. मग १९३१? त्या दिवशी आजोबा दुपारीच घरी आले, असे आई सांगायची. मचाण काढले तेव्हा कुठली तरी कादंबरी अर्ध्यावर होती, आणि पुढे काय झाले हे कुणालातरी विचारून या, असे आजी कितीतरी दिवस म्हणत राहिली. कादंबरी कोणती, असे आम्ही दोघांनी एकदमच विचारले. गृहस्थांनी बाईंकडे पाहिले, जणू त्यांना ठाऊक असावे. त्यांनी साचा उघडला, दोन सँडविचे तिरकी कापली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सरकवली.